उजव्या पंखाची नारिंगी रेघ

स्लाऊ, ९ मार्च २०२५

प्रिय धम्मा,

त्या रविवारी सकाळी तुम्ही दोघं विमानाच्या कामाला निघालात तेव्हा मटकी फडक्यात बांधून झाली होती आणि तव्यावर शेवटची भाकरी होती. बाबांनी थर्मास घेतला, तू डबा घेतलास, आणि गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर मी तुमचे आदल्या दिवशीचे ओव्हरऑल धुवायला काढले. मशीनमध्ये टाकण्याआधी मी खिसे तपासायचे, कारण बाबांच्या खिशात हमखास एखादा नट राहिलेला असायचा. त्या दिवशी त्यांचे खिसे रिकामे होते. तुझ्या खिशात नारिंगी नेलपॉलिशची बाटली निघाली. ती मी सिंकसमोरच्या खिडकीत ठेवली, मशीन लावलं, जिन्याचा गालिचा हूवरने झाडला आणि लायब्ररीचं पुस्तक घेऊन बसले. दुपारी तू एकटीच ट्रेनने परत आलीस आणि वर जाऊन बॅग भरायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, लीड्सला लवकर पोचायचं आहे. मटकीची उसळ मी आणि बाबांनी दोन दिवस खाल्ली.

त्या रविवारी काय झालं ते मला तुम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही. मी आजही विचारत नाही. पण त्या सकाळपाशी माझं एक काम अडलं आहे, म्हणून पत्र लिहिते आहे. फोनवर तू लवकर ठेवतेस आणि मला बोलायला वेळ लागतो. पाकिटावर तुला हवं तसं 'शीला' लिहिलं आहे. आत मात्र मला माझ्या सवयीने लिहू दे.

मी विमान विकते आहे. बाबांना जाऊन वर्ष होऊन गेलं. हँगरवाले चांगले आहेत, पण उभं विमान आतून खराब होत जातं. दर महिन्याला मी जाऊन त्याच्यावरची धूळ पुसते, तेवढ्याने काही होत नाही. जाहिरात दिली तेव्हा वाटलं होतं, स्लाऊमधल्या एका गॅरेजात बांधलेलं विमान कोण घेणार? पण एक गृहस्थ आले. एलिजा त्यांचं नाव. लंडनमध्ये चष्म्याचं दुकान चालवायचे, आता रिटायर झाले. त्यांची आजी अलिबागकडची, मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. बाकी सगळं इंग्रजीच, पण मधूनच एखादा जुना मराठी शब्द काढतात. मला म्हणाले, "मला दोनच विषयांत मराठी येतं. जेवण आणि शिव्या."

इथे घरी बांधलेलं विमान विकताना बांधणीची सगळी कागदपत्रं सोबत द्यावी लागतात, कारण आत काय आहे ते नव्या मालकाला बाहेरून दिसत नाही. मी दोन्ही खोके काढून ठेवले: प्रत्येक टप्प्याचे फोटो, पावत्या, इन्स्पेक्टरच्या सह्या, आणि ते जाड सूचनांचं पुस्तक ज्याच्या कडेला बाबांनी मराठीत टिपणं केली आहेत. एलिजांनी ती टिपणं बराच वेळ पाहिली. आजीची पत्रं अशाच अक्षरांत यायची म्हणाले, आणि त्यांना एकही अक्षर लागत नव्हतं.

मग त्यांनी सीटखालची फळी उचलली आणि आत टॉर्च मारला. पंख जिथे धडाला जोडले आहेत तिथे दोन्ही बाजूंना चार-चार मोठे बोल्ट आहेत, ते तुला सांगायला नको. प्रत्येकावर दोन रंगांच्या रेघा का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, निळी माझ्या नवऱ्याची. त्यांनी नट आवळला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ मारायची. नट पुढे कधी जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच कळतं. नारिंगी रेघ दुसऱ्या माणसाची. त्याने पहिल्याच्या शब्दावर जायचं नाही, स्वतः पाना लावून बघायचं आणि मगच रेघ मारायची.

"आणि दुसरा माणूस कोण?"

"माझी मुलगी."

एलिजा हसले. म्हणाले, मग ठरलं. एका घरात राहणारी आणि एकमेकांच्या शब्दावर न जाणारी दोन माणसं, ह्याहून चांगली हमी कुठे मिळणार? मीही हसले. मग मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं.

त्यांची मुलगी नताली विमान चालवायला शिकते आहे. ती शेजारी, उजव्या सीटवर बसणार आहे.

एवढंच कळव: डाव्या पंखाचे बोल्ट शनिवारी झाले, ते तू तपासलेस, हे मला माहीत आहे. रविवारी उजव्या पंखाचे तपासलेस का? २९ तारखेला, शनिवारी, मला खोके द्यायचे आहेत. एक ओळ पाठवलीस तरी पुरे.

तुझी,
आई


स्लाऊ, १८ मार्च

प्रिय धम्मा,

'शिफ्टवर आहे, नंतर बोलू' हा मेसेज मिळाला. नंतर अजून आलेलं नाही. म्हणून मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहिते.

एलिजांच्या खांद्यावरून मी आत पाहिलं तेव्हा टॉर्च उजवीकडे होता. मग त्यांनी तो डावीकडे फिरवला. डावीकडची नारिंगी रेघ संत्र्याच्या सालीसारखी आहे. उजवीकडची तांबूस आहे. दिवसा, फळी लावलेली असताना, कुणाला दिसणार नाही. मी इतकी वर्षं त्या सीटवर बसले, माझ्याही कधी लक्षात आलं नाही. पण टॉर्च एकामागोमाग एक दोन्हींवर पडला आणि दिसलं.

घरी आल्यावर मी मनाची समजूत घातली, की रंग जुना झाला की बदलत असेल. पण दोन्हींमध्ये एका दिवसाचंच अंतर आहे आणि एकाच अंधारात ते राहिलेत.

तुझी बाटली माझ्याकडे आहे. त्या दिवशी खिडकीत ठेवली ती तू नेली नाहीस, मी टाकली नाही. भांडी घासताना समोर असायची एवढंच. आत रंग घट्ट झाला होता. गरम पाण्याच्या कपात ठेवली, हलवली, आणि बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर एक रेघ काढली. संत्र्याची साल.

मग काल हँगरमध्ये जाऊन मी बाबांची हत्यारांची पेटी उपसली. एलिजांना पेटीही द्यायची आहे, म्हणून रिकामी करायचीच होती, असं मी स्वतःला सांगितलं. खालच्या कप्प्यात, त्यांच्या रुमालात गुंडाळलेली, दुसरी बाटली होती. नारिंगीच, पण दुसऱ्या कंपनीची. तिची रेघ मी तुझ्या रेघेशेजारी काढली. झाकण टेबलावर आहे आणि मी त्याच्यासमोर बसून लिहिते आहे. उजवा पंख दुसऱ्या बाटलीचा आहे.

म्हणजे त्या रविवारी तू तिथे रेघ मारलीच नाहीस. बाबांनी निळी मारली, आणि मग कधीतरी दुकानात जाऊन तुझ्यासारखा रंग शोधून आणला आणि नारिंगीही मारली. तुझ्या जागी.

याचा अर्थ काय होतो ते मी पुन्हा वाचून काढलं. तुला आठवत असेल, मी इंग्रजी बांधणीच्या त्या सूचनांच्या पुस्तकावरच शिकले. चौथी पास बाई, लायब्ररीतली मोठ्या टायपाची पुस्तकं वाचायची, आणि बाबा म्हणायचे, हे वाच, ह्यात गोष्ट नाही पण खोटंही नाही. त्यात लिहिलं आहे की ज्या जागा बंद झाल्यावर पुन्हा सहज दिसत नाहीत तिथे एकाच माणसाने दोनदा बघणं हे दोघांनी बघणं नव्हे. चुकलेला माणूस पुन्हा बघतो तेव्हा त्याला स्वतःची चूक दिसत नाही. इन्स्पेक्टर दर वर्षी आले, टॉर्च मारला, दोन रंग पाहिले, रेघा तुटलेल्या नाहीत हे पाहिलं आणि सही केली. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना दोन माणसं दिसली.

त्या बोल्टांवर बसून मी दोनदा आयल ऑफ वाइट बेटावर जाऊन आले आहे. मला भीती वाटत नाही, मी तर परत आले. पण नताली तिथे बसेल तेव्हा तिला वाटेल की दोघांनी पाहिलंय.

आता दुसरी बाजू. विहारात दारातून आत गेलं की डाव्या हाताला बाबांचा फोटो आहे, विमानाशेजारी उभे असलेले. लहान मुलांना तो दाखवतात. नागपूरला फिटरच्या पहिल्या नोकरीत त्यांचं काम तीन-तीनदा तपासलं जायचं आणि शेजारच्या माणसाचं एकदाही नाही, हे त्यांनी तुला सांगितलंय. म्हणून तर खोक्यातला एकेक कागद इतका स्वच्छ आहे. माझ्या कामाला कुणी बोट लावायचं नाही, असं म्हणायचे. आणि आता बोट लावणारी मीच.

आज इन्स्पेक्टरचा फोन आला, सगळं तयार आहे का विचारायला. मी म्हटलं, तयार आहे. फोन ठेवला आणि दुसरी बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

मला फोन कर. शिफ्ट संपल्यावर कर, पहाटे केलास तरी चालेल.

आई


स्लाऊ, २७ मार्च

धम्मा,

परवा तू फोन केलास. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी होतीस, मागे ट्रॉल्यांचा आवाज येत होता. तू काय म्हणालीस ते मी इथे लिहून ठेवते, कारण मला ते नीट बघायचं आहे.

आधी म्हणालीस, "आई, लिसन. मी एक लेटर पाठवते. राइट विंग मी चेक केली होती, साइन्ड. फिनिश."

मी म्हटलं, अगं पण तू केली नव्हतीस.

"सो व्हॉट? एवढी वर्षं उडलंय ना ते? तू आता हे बोललीस तर बाबांचा नाव खराब होईल."

तू अजून 'बाबांचा नाव' म्हणतेस. लहानपणी ते तुला दुरुस्त करायचे आणि तू मुद्दाम पुन्हा तसंच म्हणायचीस. ऐकून मला बरं वाटलं.

मग तू त्या रविवारचं सांगितलंस. तेव्हा तुमचं लग्न व्हायचं होतं. आदल्या आठवड्यात राकेशच्या घरच्यांनी तुला आणि बाबांना जेवायला बोलावलं होतं आणि त्याच्या आईने तुझं पूर्ण नाव विचारलं होतं. तू 'शीला' एवढंच सांगून विषय बदललास. बाबा शेजारीच बसले होते. तिथे ते काही बोलले नाहीत. घरी माझ्याशीही बोलले नाहीत. ते रविवारी बोलले, हँगरमध्ये, उजव्या पंखाचे तीन बोल्ट आवळून झाल्यावर. तू पाना घ्यायला हात पुढे केलास आणि ते म्हणाले, "ज्या पोरीला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते, तिच्या खुणेवर मी विमान उडवू का?"

तू पाना खाली ठेवलास आणि स्टेशनपर्यंत चालत गेलीस.

मला हे माहीत नव्हतं. मला ते म्हणाले होते, तिला काम होतं, गेली. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी उसळ दोनदा मागून घेतली आणि पानात तशीच टाकली. ते अन्न टाकत नसत. मला समजायला हवं होतं की काय, माहीत नाही.

तू आणखी एक सांगितलंस, अगदी शेवटी, घाईत. राकेशच्या घरी आता सगळं माहीत आहे. तूच सांगितलंस, मागच्या दिवाळीत. त्याची आई एवढंच म्हणाली की मग इतके दिवस का नाही सांगितलं, आणि चहा ठेवायला उठली. बाबांना हे कळायला हवं होतं, असं तू म्हणालीस. तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारली.

आज तुझं पाकीट आलं. एकच कागद. उजव्या पंखाचे चारही बोल्ट मी स्वतः तपासले, तारीख, आणि खाली सही. सहीखाली तू नाव छापील अक्षरांत लिहिलं आहेस: धम्मशीला हरिदास वासनिक. पूर्ण. मी उभ्याने पाकीट फोडलं होतं, वाचून खुर्चीवर बसले. तुझ्या हातचं हे नाव मी किती दिवसांनी पाहिलं. बाबांनी पाहिलं असतं तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता आणि पुन्हा वाचलं असतं.

हा कागद खोक्यात ठेवला तर सगळं सुटतं. बाबांचा फोटो विहारात तसाच राहील. एलिजांना विमान मिळेल. इन्स्पेक्टर सही करतील. तू आणि मी ह्यानंतर फोनवर बोलू शकू, कारण आपण दोघींनी मिळून एक काम केलेलं असेल. हे सगळं मी ओळखून आहे. मी काही संत नाही.

पण तूच मला एकदा सांगितलं होतंस की तुमच्या फार्मसीत एकीने काढलेलं औषध दुसरीने पाहिल्याशिवाय वॉर्डात जात नाही. मी विचारलं होतं, आणि ती दुसरी कंटाळली असेल तर? तू म्हणालीस, तर औषध थांबतं, आई. पेशंट थांबतो, पण न बघता सही होत नाही. मग ह्या कागदावर कशी झाली?

परवा एलिजा येणार. नतालीला घेऊन येणार आहेत.

आई


स्लाऊ, ३१ मार्च

प्रिय धम्मा,

चौथा बोल्ट फिरला. हे आधी सांगते, कारण पत्र उघडल्यावर तू हेच शोधशील.

शनिवारी मी लवकर पोचले. दोन्ही खोके टेबलावर मांडले. तुझा कागद माझ्या पर्समध्ये होता आणि दोन्ही बाटल्या कोटाच्या खिशात. इन्स्पेक्टर आधीच आले होते, कागदपत्रं तपासून घ्यायला. मग एलिजा आणि नताली आले. नताली उंच आहे, चेहरा वडिलांचाच. आल्या आल्या ती उजव्या सीटवर चढून बसली, पट्टा लावून पाहिला आणि म्हणाली, आपण आज जायचं का? एलिजा म्हणाले, आधी पोरीला उतरवा, नाहीतर ही जेवायलासुद्धा खाली यायची नाही.

मी ठरवलं होतं, आधी चहा देईन, मग बोलेन. थर्मासचं झाकण उघडलं आणि हात थांबला. तिला तिथे बसलेली बघून मला चहा ओतता येईना. म्हणून तसंच बोलले. सोपं इंग्रजी, मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. उजव्या पंखावरची दुसरी रेघ माझ्या मुलीची नाही. माझ्या नवऱ्याने ती स्वतः मारली. ह्या दोन बाटल्या. इथे एकाच माणसाने पाहिलंय.

इन्स्पेक्टरांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन उजेडात धरल्या. एलिजांनी विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे? मी म्हटलं, तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशी संशय आला, आठवड्याने खात्री झाली. ते म्हणाले, म्हणजे ह्यानंतर आपण दोनदा फोनवर बोललो. मी म्हटलं, हो. त्यांचा चेहरा बदलला. आजीचे शब्द गेले, अगदी कोरडं इंग्रजी आलं. म्हणाले, माझी मुलगी त्या सीटवर बसली आहे, मिसेस वासनिक. तुम्ही आज बोलला नसता तर ती दुपारी हवेत असती.

मी म्हटलं, हो.

ते बाहेर गवतावर जाऊन उभे राहिले. नतालीने पट्टा सोडला आणि खाली उतरली. ती माझ्याजवळून बाहेर जाईल असं वाटलं होतं, पण ती टेबलाशी थांबली. अर्धवट उघडलेल्या थर्मासमधून तिने चार कप चहा ओतला आणि एक मला दिला. मी तो हातात धरून ठेवला.

एलिजा परत आले आणि इन्स्पेक्टरला म्हणाले, उघडा.

मग त्यांनी सीट काढल्या, फळी काढली. टॉर्क रेंच लावला की ठरलेल्या जोराला तो टक असा आवाज करतो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या बालपणीच्या शनिवारी गॅरेजमधून हाच आवाज यायचा. पहिल्या बोल्टला टक झालं. दुसऱ्याला झालं. तिसऱ्याला झालं. मी चहाचा एक घोट घेतला.

चौथ्याला आवाज आला नाही. रेंच फिरत गेला. फार नाही, पण दोन्ही रेघा आमच्या डोळ्यांदेखत तुटल्या, निळीही आणि नारिंगीही. मग टक झालं.

इन्स्पेक्टर म्हणाले, नट लॉकचा, स्वतःला धरून ठेवणारा आहे, म्हणून इतकी वर्षं जागचा हलला नाही, बहुतेक आणखीही हलला नसता. बहुतेक, असं ते दोनदा म्हणाले. आता तो बोल्ट काढून नवा घालणार, सगळा पंख तपासणार, आणि कागदावर जे झालं ते जसंच्या तसं लिहिणार.

तीन बोल्ट तू निघून जाण्याआधीचे होते. चौथा नंतरचा. बाबा एकटे खाली आडवे झाले असतील आणि हातात रेंच असेल. आवाज आला नाही हे त्यांना कळलं नसेल, किंवा ते भलतंच ऐकत असतील. हँगरमध्ये त्या दिवशी दुसरी माणसं होती. कुणालाही हाक मारून दुसरी रेघ मारून घेता आली असती. त्यांनी कुणालाही बोलावलं नाही. तुझ्या खुणेवर उडणार नाही असं म्हणालेला माणूस दुकानात बायकांच्या नेलपॉलिशसमोर उभा राहिला आणि तुझा रंग शोधत बसला. माफी मागायची त्यांना कधी सवय नव्हती. ह्याला मी माफी म्हणत नाही. पण मला दुसरंही काही म्हणता येत नाही.

एलिजा बराच वेळ त्या बोल्टाकडे बघत गुडघ्यावर बसले होते. मग हळूच म्हणाले, "अरे गाढवा." चिडून नाही, आजी जशी म्हणत असेल तसं. कुणाला म्हणाले ते मी विचारलं नाही.

विमान ते घेणार आहेत. मी विचारलं नव्हतं, तेच म्हणाले. काम झाल्यावर पहिली रेघ इन्स्पेक्टरची आणि दुसरी त्यांची स्वतःची असेल. रंग नताली निवडणार आहे. विहारात मी अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सांगेन. फोटो काढावा असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर मी उत्तर देईन. आपल्या मुलांना तो फोटो दाखवताना हेही सांगता येईल, की एवढा चांगला फिटरसुद्धा ज्या दिवशी एकटा होता त्या दिवशी चुकला.

तुझा कागद ह्या पत्रासोबत परत पाठवते आहे. मी तो फाडला नाही. तुझं नाव तू तुझ्या हाताने पूर्ण लिहिलं आहेस, ते मला फाडवलं नाही. वरचं वाक्य तेवढं खोटं आहे, ते तू काप. ह्या वेळी पाकिटावर मीही पूर्ण नाव लिहिलं आहे. राकेशच्या आईच्या हातात पडलं तरी आता चालेल असं तू म्हणालीस, म्हणून.

दोन्ही खोके एलिजांच्या गाडीत गेले. त्यातल्या सूचनांच्या पुस्तकातली मराठी टिपणं नतालीला वाचून हवी आहेत. मी म्हटलं, माझं इंग्रजी तेवढं नाही, माझ्या मुलीचं आहे. तिने तुझा नंबर मागितला. मी दिला नाही. तुला विचारून देईन म्हटलं.

शनिवारी निघताना इन्स्पेक्टर म्हणाले, नवीन रेघा मारण्याआधी जुन्या पुसाव्या लागतील, कुणीतरी करेल. मी म्हटलं, मी करते.

दुसऱ्या दिवशी इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली होती. मी नेलपॉलिश रिमूव्हर आणि बाबांचा जुना सुती रुमाल घेऊन हँगरमध्ये गेले, सीटखालच्या जागेत आडवी झाले, आणि उजव्या पंखाच्या चारही बोल्टांवरचा नारिंगी रंग पुसून काढला. चौथ्यावरचा निळाही पुसला, बाबांनी नीट आवळलेल्या तीन बोल्टांवरचा तसाच राहू दिला.

आई